घरी कुणीतरी राहायचं

गंगव्वाच्या घराला कुलूप होतं, पण ते दाराला लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पितळेचं, चांगलं पंज्याएवढं, दारामागच्या खिळ्याला लटकलेलं, आणि किल्ली त्याच्यातच. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढं शहाबादी फरशीचा ओटा, मागं मोरी आणि एक शेवग्याचं झाड. दोन्ही अंगांना यंत्रमागाचे कारखाने. सकाळी माग सुरू झाले की फडताळातली भांडीसुद्धा थरथरायची, आणि आम्ही एकमेकींना साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागायचो. गल्लीबाहेरच्या माणसाला वाटायचं, ह्या सदान्‌कदा भांडतात. भांडायचोही, पण ते वेगळं. लाईट गेली की सगळे माग एकदम गप्प व्हायचे, आणि आपण किती मोठ्यानं बोलत होतो ते आपलं आपल्यालाच कळायचं. आजही कुठं अचानक शांत झालं की मी आधी आवाज खाली आणते.

घरात आम्ही तिघी. गंगव्वा आमची गुरू. हिजड्यांच्या घरात गुरू म्हणजे आईही तीच आणि सासूही तीच, आणि कुठल्या दिवशी कोण समोर येईल ह्याचा नेम नाही. ती अक्कलकोटच्याही पलीकडची, कानडी मुलखातली. उंच, रुंद खांद्यांची, कपाळभर कुंकू. लहानपणीच यल्लम्माला सोडलेली, म्हणून आमचं घर जोगत्याचंही होतं आणि हिजड्यांचंही. शबनम तिची थोरली चेला. ती मुसलमान घरातली, दखनीत बोलायची, आणि देवीची आरती मात्र माझ्यापेक्षा खणखणीत म्हणायची. मी धाकटी. कमल हे नाव गंगव्वानंच ठेवलं. वैरागजवळच्या आमच्या गावातनं मी कशी बाहेर पडले ती वेगळी गोष्ट आहे, इथं उगाळत नाही. बारावीपर्यंत मुलगा म्हणून शिकले होते. त्या शिक्षणाचा घरात उपयोग एवढाच की शबनमला आलेले मेसेज मी वाचून दाखवायचे, आणि ते बहुतेक वाचण्यासारखे नसायचे.

मंगळवारी आणि शुक्रवारी आई बाहेर पडायची. आई म्हणजे देवी. वेताची टोपली, तिच्यात पितळी मुखवटा, हिरवा खण, मोरपिसं, हळदीकुंकवाचे करंडे. ह्याला आम्ही जग म्हणतो. तो डोक्यावर घेऊन गंगव्वा पेठेतल्या घरांपुढं जोगवा मागायची, बायका तिच्या पायांवर पाणी घालायच्या, सुपातनं ज्वारी वाढायच्या. पण गंगव्वाच्या गुरूनं घालून दिलेली एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. आई परत आली की तिला घरात मागं राहिलेल्या माणसानंच घ्यायचं. सोबत फिरलेल्यानं नाही. आतल्या माणसानं आतनं कडी काढायची, उंबऱ्यावर येऊन पायांवर पाणी घालायचं, हळदीकुंकू लावायचं, आणि मगच टोपली डोक्यावरनं उतरायची. तोवर मान मोडली तरी उतरायची नाही. म्हणून तर कुलूप लागायचं नाही, कुणीतरी घरी राहायचंच. असं का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. गंगव्वा म्हणाली, "आपली वाट बगत कोन बसलं न्हाय, त्या घरात तू तरी जाशील का?" मागं राहणारीची पाळी असायची, आणि जिची पाळी असेल ती भाकरी थापता थापता तोंड फुगवून बसायची. पातळ, पापडासारख्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही. हल्ली त्याच भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानात विकतात. मला त्या गोड लागत नाहीत, पण मी आता किरकिरी म्हातारी झालेय. आमच्यात चाळिशी उलटली की म्हातारीच धरतात.

माझं आणखी एक घर होतं. स्टेशनच्या बाजूला औषधांच्या दुकानावर एका संस्थेचं ऑफिस होतं. एड्सची माहिती द्यायची, तपासणीला सोबत जायचं, सरकारी दवाखान्यात कुणी कंपाउंडर वाकडं बोलला तर त्याच्याशी वाद घालायचा, हे माझं काम. रविवारी संध्याकाळी तिथं पोरं जमायची. मोडनिंबचा किराणावाल्याचा मुलगा, चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर जाणारे, कॉलेजातले, दोघं-तिघं लग्न झालेलेही. खिडक्या लावून घेतल्या की काय हसायचो, काय नाचायचो! एकमेकांना अगं-तुगं करायचो. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला काय म्हणतात, माझ्यासारखीला काय म्हणतात, हे शब्द मला तिथं पहिल्यांदा मिळाले. शब्द मिळाला की माणसाला पाठ टेकायला भिंत मिळते. मला त्या ऑफिसचा फार लळा होता, आजही कुठला जिना चढताना मला ते आठवतं.

पण त्या घरालाही रीत होती. टाळी वाजवायची नाही. मी तर तिथं सलवार-कमीज घालून, केस बांधून जायचे, हळू बोलायचे, म्हणून खपून जायचे. शबनम एकदा मला न्यायला आली, दारातच तिनं सवयीनं टाळी दिली, आणि सगळी खोली गप्प. कॉलेजातल्या एकानं पाय जवळ ओढून घेतले. शबनम जिना उतरताना एवढंच म्हणाली, "तेरे घरवाले अच्छे हैं गे." त्या 'घरवाले'ला जी धार होती ती मला आठवडाभर टोचत राहिली.

अभिजीत त्या सगळ्यांचा पुढारी. चिंचोळीत एका कारखान्यात इंजिनियर, मास्तरांचा मुलगा. वडिलांनी अर्ध्या पेठेला गणित शिकवलेलं. घरी काही माहीत नाही. स्वभावानं वाईट नव्हता, उलट कुणाला मारहाण झाली की पहिला धावणारा तोच. एकदा मी त्याला सरळ विचारलं की आमचं तुम्हाला एवढं काय वावडं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "कमल, शाळेपासून मला एकच शिवी बसलीय. ती शिवी म्हणजे तुम्ही लोक. तुम्हाला बघितलं की मला आधी ती ऐकू येते." मला राग आला आणि त्याची दयाही आली. गंगव्वाचं तरी काय वेगळं होतं? तिचं म्हणणं, ती पोरं दिवसा शर्ट-पँट घालून बाप्ये होऊन हिंडतात, उद्या लग्नं करतील, मुलं काढतील, आणि रडायला आपल्या ओट्यावर येतील. लोक आपल्या पायांवर पाणी घालतात ते आईमुळं, त्यांच्यात जाऊन मिसळलो तर तेही बंद होईल. दोन्हीकडचं ऐकून घेणारी मी एकटी, आणि दोन्हीकडं मूग गिळून बसणारीही मीच.

अशात अभिजीतच्या मनानं घेतलं की सोलापुरात रॅली काढायची. मुंबई-पुण्यात निघतात, आपल्याकडं का नको? तेव्हा असल्या प्रेमाला गुन्हा ठरवणारा कायदा अजून बदललेला नव्हता. पोलिसांनी आढेवेढे घेतले, मग सकाळी थोडा वेळ, ठरल्या रस्त्यानं, गोंधळ नको, अशी परवानगी दिली. अभिजीतनं मला पुढच्या कापडी फलकाचं एक टोक धरायला सांगितलं. शिकलेली आहेस, नीट बोलतेस, पेपरवाले आले तर तू बोल, म्हणाला. मला आभाळ ठेंगणं झालं. मग तोच म्हणाला, तुझ्या गुरूंनाही बोलवूया, त्यांची ती टोपली घेऊन आल्या तर छान दिसेल, आपल्या मातीतलं काहीतरी. मी म्हणाले, बोलवायचं तर तुम्ही स्वतः घरी यायचं, माझ्या हातून निरोप चालायचा नाही.

तो खरंच आला. ओट्यावर नाही, आत आला, पण सतरंजीच्या अगदी काठावर बसला. शबनमनं दिलेला चहा अर्धा प्याला. गंगव्वा त्याला न्याहाळत होती. त्यानं सगळं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "आमाला बोलवायला आलाय, का आईला?" अभिजीतला बिचाऱ्याला वाटलं, मान राखून बोलावं. तो म्हणाला, "आईंना. त्यांच्यासोबत तुम्हाला सगळ्यांना." गंगव्वानं हात जोडले. पेठेतल्या बायका आईला पाणी घालतात, पण घरी येऊन आईला आमंत्रण द्यायला कुणी आलं नव्हतं. आणि आईला आमंत्रण म्हणजे आई पुढं, बाकीचे मागं, ह्यात आम्हाला कुणाला शंकाच नव्हती. अभिजीतला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ती एक रंगीत टोपली होती.

त्या आठवड्यात गंगव्वा बदललीच. मुखवटा चिंचेनं घासून लखलखीत केला. नवा खण आणला, नवी मोरपिसं आणली. परत आल्यावर सगळ्या पोरांना खाऊ घालायला म्हणून आदल्या दिवशी गव्हाची हुग्गी शिजवली, गूळ, सुकं खोबरं, खसखस घालून, मोठं पातेलं भरून. मला जवळ बोलावून विचारलं, "कमळे, तितं आईचा अपमान व्हायचा न्हाय न्हवं?" मी म्हणाले, नाही होणार, मी आहे ना. म्हणाले खरी. माझी दोन्ही घरं पहिल्यांदा एका रस्त्यावर उभी राहणार होती, आणि दोघांनाही मी एकमेकांबद्दल चांगलंच सांगितलेलं.

निघायच्या दिवशी घरी राहायची पाळी शबनमची होती. ती नवी साडी नेसून दारात बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "जिंदगीभर लोगां मेरेकू देख के दरवाजे बंद किए, अम्मा. आज बुलाए तो मैं घर में बैठूं?" गंगव्वानं आयुष्यात कधी रीत मोडली नव्हती. पण त्या दिवशी तिचाही पाय जमिनीवर नव्हता. "चल की मग. आज आपलाच सण हाय," म्हणाली. खिळ्यावरचं कुलूप काढलं, दाराला घातलं, किल्ली माझ्या हातात दिली. जायच्या घाईत यायचं कसं, हे तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

चौकात पोहोचलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. पोरं जमली होती, काहींनी तोंडावर मुखवटे घातलेले, काहींनी रुमाल बांधलेले. गंगव्वाला बघून मोडनिंबचा पोरगा धावत पुढं आला, पाया पडला. बाकीचे मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. आई डोक्यावर घेऊन गंगव्वा सरळ फलकाच्या पुढं जाऊन उभी राहिली, शबनम तिच्या डाव्या हाताला. मी फलकाचं टोक धरलं. माझ्या पुढं माझी गुरू, मागं माझी पोरं. मला वाटलं, जमलं बाई. तेवढ्यात अभिजीत आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, त्यांना शेवटी उभं राहायला सांग.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तो घाईघाईनं बोलत होता. पेपरचा फोटोग्राफर आलाय, समोर ह्या असल्या तर उद्या फोटो ह्यांचाच येणार, आणि गाव म्हणणार हिजड्यांचा मोर्चा. आमचं काय? आम्ही कधी दिसणार? विद्यार्थी पुढं, मग नोकरदार, मग हे लोक, असं ठरलंय. मी म्हणाले, कुणी ठरवलं? तो म्हणाला, कमिटीनं. कमिटीच्या बैठकीला मला बोलावलंच नव्हतं. मी म्हणाले, हे मी नाही सांगणार, तुम्ही आमंत्रण दिलंय, तुम्हीच सांगा. त्याला घाम फुटला होता. शेवटी गेला गंगव्वासमोर, खाली बघत बोलला. म्हणाला, तुम्ही जरा मागं राहा, मागून पण छान दिसेल.

गंगव्वा चिडेल, टाळ्या पडतील, शिव्या पडतील, असं सगळ्यांनाच वाटलं. पण ती अजिबात आवाज न चढवता बोलली. "मला माग्नं चालायचं काय न्हाय. जलमभर माग्नंच चालतीया. पण बोलावलंस तू आईला. आई माग्नं चालत न्हाय." अभिजीत म्हणाला, मग टोपली खाली ठेवा आणि तुम्ही या. शबनमनं तोंडाला हात लावला. टोपली रस्त्यावर ठेवायची! हवालदार येऊन गेला, निघायचं तर निघा, वेळ संपत चाललाय, म्हणाला. कुणी म्हणालं, त्यांना पुढं राहू दे की. कॉलेजातला एक म्हणाला, तसं असेल तर मी घरी जातो. मोडनिंबच्या पोराचे डोळे भरले. उन्हात गंगव्वाच्या मानेची शीर दिसायला लागली होती, आणि ती तशीच उभी, हात वर धरून. अभिजीत माझ्याकडं वळला. "कमल, तू तरी समजाव. तू आमच्यातली आहेस."

त्या एका वाक्यासाठी मी दोन वर्षं वाट बघितली होती. मी त्यांच्यातली व्हावी म्हणून आवाज खाली आणला होता, टाळी सोडली होती, शबनमसोबत रस्त्यानं जायचं टाळलं होतं. आणि ते वाक्य मिळालं ते असं. फलक सोडला तर नोकरी जाणार, रविवार जाणार, ती हसणारी खोली जाणार, हे मला दिसत होतं. धरून ठेवला तर गंगव्वाच्या ओट्यावर परत पाय ठेवायचं तोंड उरणार नव्हतं. मी गंगव्वाकडं बघितलं. तिनं मला काही म्हटलं नाही, खूणसुद्धा केली नाही. ती वळली आणि घराच्या वाटेला लागली. मी फलकाचं टोक त्या मोडनिंबच्या पोराच्या हातात दिलं आणि तिच्या मागं गेले. अभिजीत मागनं हाक मारत होता, मी वळून बघितलं नाही.

वाटेत ओळखीच्या एक-दोन बायांनी उंबऱ्यावरनं नमस्कार केला, गंगव्वानं मान हलवता येत नाही म्हणून डोळ्यांनीच तो घेतला. गल्लीत शिरलो, माग खटखटत होते, आणि आमचं दार दिसलं तसं शबनम जागच्या जागी थांबली. कुलूप. मी किल्ली काढली, आणि तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. आत कुणीच नव्हतं. कडी काढायला, पाणी घालायला, कुणीच नाही. आम्ही दोघीही आईसोबत फिरून आलेल्या. मी शेजारच्या नरसव्वाचं दार वाजवलं, ती विड्या द्यायला कारखान्यात गेलेली. समोरची म्हणाली, आमच्यात चालत नाही बाई, आणि आत गेली. शबनम कपाळ बडवून घ्यायला लागली, मेरी वजह से हुआ, मेरी वजह से हुआ. मी म्हणाले, आजच्या दिवस राहू दे ना रीत, मी आत जाते, मी पाणी आणते. गंगव्वानं नुसतं "साकु" म्हटलं. पुरे. तिच्या ओठांना पांढरी कड आली होती. म्हातारी बाई आपल्याच घरापुढं, आपल्याच कुलपापुढं अडकलेली. मी आयुष्यात बरंच सोसलंय, पण त्या ओट्यावरचा तो वेळ मला अजून आठवायला नको वाटतो.

आणि नेमका तेव्हा अभिजीत आला. स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच सोडून, तांबडालाल होऊन. रॅली निघालीच नव्हती. आम्ही गेल्यावर मोडनिंबच्या पोरानं फलक गुंडाळून खाली ठेवला, पोरं एकमेकांशी भांडली, एक-एक करून पांगली, हवालदारानं वेळ झाली म्हणून उरलेल्यांना घालवून दिलं. हे सगळं तो मागांच्या आवाजावर आवाज चढवून मला सांगत होता. एवढे महिने राबलो, पहिल्यांदा बाहेर पडायला तयार झालो होतो, एका टोपलीपायी सगळं मातीत घातलं. "मी गे आहे हे सांगायला मला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि तुम्ही—" असं तो बेंबीच्या देठापासून ओरडला, आणि लाईट गेली.

सगळे माग थांबले. त्याचे शब्द गल्लीभर पसरले आणि भिंतींना लागून परत आले. कारखान्यांच्या दारांत कामगार येऊन उभे राहिले, उकाडा व्हायला लागला की ते बाहेर येतातच, पण आता सगळे आमच्याकडं बघत होते. डाव्या अंगाच्या कारखान्याचे मालक बनियनवर बाहेर आले, डोळे बारीक करून म्हणाले, "तू मास्तरांचा अभिजीत न्हवं? हितं काय करतोस रं?"

अभिजीतच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मी त्याला कधी इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आणि मग गंगव्वा बोलली, टोपलीखालनं, दम लागत लागत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दवाखान्याचा मानूस हाय त्यो. माझी औषदं घेऊन आला हुता. जा रं बाबा, तुला उशीर होतोय." मालकांनी मान डोलावली, ऐकलेलं न ऐकल्यासारखं करायला त्यांनाही निमित्त मिळालं. झालं, सुटला. स्कूटरपर्यंत चार पावलं गेला असता तर त्याचं घर, त्याचे मास्तर वडील, सगळं जसंच्या तसं राहिलं असतं. ज्या बाईला त्यानं तासाभरापूर्वी मागं उभं राहायला सांगितलं होतं, तिनं त्याला वाट काढून दिली होती. मला त्याचा इतका राग होता की मला वाटलं, जा बाबा, जा एकदाचा.

तो गेला नाही. गंगव्वाकडं बघत राहिला, तिच्या पायांकडं, मग कुलपाकडं. मला विचारलं, ह्या आत का जात नाहीत? मी तुटक शब्दांत सांगितलं. कुणीतरी घरातनं यावं लागतं, आणि आमच्या घरात आज कुणी नाही, तुमच्या रॅलीला आलो होतो ना सगळ्या. त्यानं हात पुढं केला. मला कळेना काय मागतोय. मग कळलं, आणि मी किल्ली दिली.

त्यानं कुलूप काढलं, पण लगेच आत गेला नाही. अख्खी गल्ली बघत होती, मालक बघत होते. उंबऱ्यापाशी उभं राहून त्यानं गंगव्वाला विचारलं, "मी चालेन का?" तो आमच्यातला नव्हता, देवीचा नव्हता, सकाळी गंगव्वाला आपल्यातलं म्हणायला तयार नव्हता. गंगव्वा म्हणाली, "आत जा, कडी लाव. आतनं जो येतोय, त्यो घरचा."

दार लागलं. आतनं भांडं पडल्याचा आवाज आला. त्याला माठ कुठं, तांब्या कुठं, काही माहीत नाही. शबनम दाराला तोंड लावून सांगत होती, चूल्हे के बाजू में, बाजू में रे. शेवटी कडी निघाली. अभिजीत उंबऱ्यावर आला, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात करंडा, केसांना फडताळातलं जाळं लागलेलं. वाकला आणि सगळं पाणी एकदम ओतलं, अर्धं तिच्या पायांवर, अर्धं स्वतःच्या बुटांवर. हळदीकुंकू लावायची त्याला सवय नाही, गंगव्वाच्या नाकापर्यंत कुंकू आलं. मग शबनमनं आणि मी दोन्हीकडनं धरून टोपली उतरवली. गंगव्वा ओट्यावरच बसली आणि दोन्ही हातांत मान धरून रडली. वेदनेनं रडली की कशानं, ते मी कधी विचारलं नाही.

हुग्गी पोरांसाठी केलेली, पातेलंभर, आणि खाणारे आम्ही चौघं. अभिजीत सतरंजीवर बसला, ह्या वेळी मधोमध. अर्धी वाटी संपली नाही तोवर त्याचा मोबाइल वाजायला लागला. त्यानं उचलला नाही. पुन्हा वाजला. मालकांनी कारखान्यातनंच मास्तरांना फोन लावला असणार. गंगव्वा म्हणाली, "उचल. काय म्हनायचं ते म्हनू दे त्यास्नी. मग हितंच ये." तो ओट्यावर गेला, आणि तेवढ्यात लाईट आली, माग सुरू झाले. आम्हाला तो पाठमोरा दिसत होता. बराच वेळ नुसता ऐकत होता, मग काहीतरी बोलला, पुन्हा ऐकत राहिला. त्या दिवशी वडील काय म्हणाले ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. मास्तर पुढं सहा वर्षं जगले, आणि पोराशी बोलल्याशिवायच गेले. आता रॅल्या निघतात, झेंडे निघतात, नवी पोरं मला स्टेजवर बसवून शाल देतात आणि विचारतात की मॅडम, तुमच्या काळी आपला समुदाय एक होता का? मी त्यांना ही गोष्ट सांगते, तर त्यांना ती फार लांब वाटते.

तो आत आला, होता तिथंच बसला, आणि रिकामी वाटी पुढं केली. गंगव्वानं वाढलं. मग तो म्हणाला, पुढच्या वर्षी आपण परत काढू, आई पुढं असेल, मी लिहून देतो. आम्ही गंगव्वाकडं बघितलं. तिनं पदरानं नाकावरचं कुंकू पुसलं.

"ते बगू म्होरल्या वर्सी," ती म्हणाली. "आदी सांगा, घरी कोन राहनार?"

शबनमनं लगेच तोंड फुगवलं. मी काहीतरी म्हणणार होते. पण त्याआधी अभिजीतनं हात वर केला, घास तोंडात तसाच, वर्गात करतात तसा.